लाईट आली की प्रिंटर गायब, कॅमेरे बंद

उदगीरहून एका शिक्षिकेचं पत्र आलं आहे. थोडक्यात ते असं:

"आमचं जुनं दगडी घर आहे, भिंती दोन फूट जाड. खाली बैठकीत कंपनीचा फायबर मोडेम आहे. वर रेंज पोचत नव्हती म्हणून दिवाळीत एक राउटर घेतला आणि मोडेममधून वायर ओढून त्याच्या पिवळ्या खाचेत लावली. चार कॅमेऱ्यांचा डीव्हीआर (चित्रण साठवणारा डबा) आहे, त्याच्या स्क्रीनवर १९२.१६८.१.१०८ असं दिसतं. वायफायचा प्रिंटर आहे, शाळेच्या प्रश्नपत्रिका त्यावरच काढते. लाईट जाऊन आली की प्रिंटर ऑफलाइन दाखवतो, मोबाईलवर कॅमेरे दिसत नाहीत, कधी लॅपटॉपवर 'आयपी ॲड्रेस कॉन्फ्लिक्ट' असा निरोप येतो. वरच्या मजल्यावर तर वायफायची पूर्ण रेंज असते पण नेट चालत नाही. सगळं बंद करून चालू केलं की एक-दोन दिवस ठीक चालतं. मोडेमवाला म्हणतो राउटर खराब, कॅमेरेवाला म्हणतो नेट खराब. आता नवीन काय घेऊ?"

ताई, नवीन काहीच घेऊ नका. तुमच्या पत्रावरून तरी राउटर, नेट, प्रिंटर यांपैकी काहीच खराब दिसत नाही. तीन वेगवेगळे घोटाळे लाईट आल्यावर एकदम वर येतात, म्हणून तो एकच मोठा बिघाड वाटतो. ते सुटे केले की एका दुपारचं काम आहे. शाळेला सुट्टी असेल तो दिवस धरा, कारण मध्ये तासभर घरातलं नेट बंद राहील.

आधी कारण समजून घ्या, म्हणजे पुढच्या पायऱ्या पाठ करायची गरज पडणार नाही. घरातल्या प्रत्येक उपकरणाला चार आकड्यांचा एक आयपी पत्ता लागतो. मोबाईल, लॅपटॉप, टीव्ही हे पत्ता मोडेमकडे मागतात. मोडेममधली डीएचसीपी नावाची सोय आपल्या यादीतला एखादा मोकळा पत्ता ठराविक मुदतीसाठी देते. डीव्हीआर मात्र मागत नाही. बसवणाऱ्याने किंवा कारखान्यानेच त्यात पत्ता कायमचा भरलेला असतो. दाहुआच्या उपकरणांत तो कारखान्यातूनच १९२.१६८.१.१०८ असतो, हिकव्हिजनच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत १९२.१६८.१.६४. अडचण अशी की कंपनीच्या मोडेमची वाटपाची यादी बहुधा १९२.१६८.१.२ ते १९२.१६८.१.२५४ अशी पूर्ण उघडी असते. १०८ हा आकडा त्याच यादीत येतो आणि तो आधीच कुणीतरी घेतलाय याची नोंद मोडेमकडे नसते. एकाच गट नंबरावर दोन नावांचे सातबारे निघावेत, तसा हा प्रकार.

मग हे रोज का होत नाही? सगळं चालू असताना मोडेमने चुकून १०८ कुणाला देऊ केला, तर बहुतेक मोबाईल आणि लॅपटॉप तो घेण्याआधी "हा पत्ता कुणाकडे आहे का" असं नेटवर्कमध्ये विचारतात. डीव्हीआर "माझ्याकडे आहे" म्हणतो, मोबाईल तो पत्ता नाकारतो आणि दुसरा मागतो. लाईट गेली की मात्र डीव्हीआर बंद पडतो. मोडेम इन्व्हर्टरवर असेल तर तो चालूच राहतो. त्या अर्ध्या तासात एखाद्या मोबाईलने पत्ता मागितला आणि १०८ निघाला, तर नाही म्हणायला कुणी जागं नसतं. लाईट येते, डीव्हीआर उठतो आणि आपल्या जुन्या पत्त्यावर येऊन बसतो. आता १०८ वर दोघे.

मोडेम इन्व्हर्टरवर नसेल तर दुसरी गंमत होते. साध्या मोडेमची वाटपाची वही तात्पुरत्या स्मृतीत असते, बंद पडला की पुसली जाते. लाईट आल्यावर तो कोऱ्या वहीने वाटप सुरू करतो आणि कालचा पत्ता आज भलत्याला देतो. उन्हाळ्यात पत्र्याखालच्या खोलीत किंवा बंद कपाटात ठेवलेला मोडेम तापून आपोआप बंद-चालू होतो, तेव्हाही हेच घडतं, आणि लाईट गेली नसल्यामुळे कुणाच्या लक्षातही येत नाही.

दोन उपकरणं एका पत्त्यावर आली की दोन्ही ठप्प होतात असं नाही, आणि म्हणूनच हा बिघाड माणसाला चकवतो. मोडेमला १०८ कडे काही पाठवायचं असलं की तो "१०८ कोण?" असं विचारतो आणि जे उत्तर मिळेल ते थोडा वेळ धरून ठेवतो. कधी डीव्हीआरचं उत्तर लागतं, कधी मोबाईलचं. म्हणून कॅमेरे पाच मिनिटं दिसतात, मग जातात, परत येतात. तक्रार ऐकून माणूस आला तेव्हा नेमकं सगळं चालू असतं ते यामुळेच. सगळं बंद करून चालू केल्यावर तुमचं काम भागतं, कारण त्या खेपेला डीव्हीआर आधी उठलेला असतो. पुढची लाईट जाईपर्यंत ते टिकतं.

दुसरा घोटाळा वरच्या राउटरचा. घरगुती राउटरवर एक खाच वेगळ्या रंगाची असते, बहुधा निळी. ती बाहेरून येणाऱ्या नेटसाठी. बाकीच्या पिवळ्या किंवा नारिंगी खाचा घरातल्या उपकरणांसाठी. पिवळ्या खाचेत वायर लावणं मुळात चूक नाही, जाड भिंतीच्या घरात आम्हीही तेच सुचवतो. पण तसं जोडताना त्या राउटरची डीएचसीपी बंद करावी लागते. ती चालू राहिली की एकाच वायरवर पत्ते वाटणारे दोघे होतात. टीपी-लिंक, डी-लिंक, टेंडा यांचे राउटर नवे असताना बहुधा १९२.१६८.०.१ वर असतात आणि १९२.१६८.०.काहीतरी असे पत्ते देतात. वरच्या मोबाईलने आधी राउटरचं ऐकलं तर त्याला नेटची वाट म्हणून राउटरचाच पत्ता मिळतो, आणि राउटरच्या निळ्या खाचेत तर काहीच नाही. रेंज पूर्ण, नेट शून्य. ज्याचं उत्तर आधी पोचेल त्याचा पत्ता लागतो, म्हणून कधी चालतं, कधी नाही. एखाद्या राउटरचा पत्ता मोडेमसारखाच १९२.१६८.१.१ असेल तर त्याहून वाईट. मग खुद्द मोडेमच्या पत्त्यावर दोघे होतात आणि अख्खं घर हेलकावे खातं.

तिसरा घोटाळा प्रिंटरचा, आणि तो बहुधा कॉन्फ्लिक्ट नाहीच. प्रिंटरला मोडेमकडून नवा पत्ता मिळतो, पण लॅपटॉपमध्ये जुनाच पत्ता लिहून ठेवलेला असतो. लॅपटॉप जुन्या दारावर टकटक करत राहतो आणि "ऑफलाइन" म्हणतो.

हे सगळं पत्रावरून म्हटलं. आता घरात खात्री करा. एक वही घ्या. प्रत्येक मोबाईलवर वायफायच्या सेटिंगमध्ये, जोडलेल्या नावावर दाबून "आयपी ॲड्रेस" आणि "गेटवे" किंवा "राउटर" (म्हणजे नेटची वाट) या ओळी पाहा आणि उतरवा. लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि इंग्रजी अक्षरांत "आयपीकॉन्फिग" लिहून, एक जागा सोडून, तिरकी रेघ आणि लगेच "ऑल" टाईप करा. येणाऱ्या मजकुरात "डीएचसीपी सर्व्हर" ही ओळ शोधा. पत्ता कुणी दिला ते तिथे लिहिलेलं असतं. हेच एकदा खाली मोडेमच्या वायफायवर आणि एकदा वर राउटरच्या वायफायवर जोडून पाहा, दोन्हीकडे तीन-चार वेळा वायफाय बंद-चालू करून. १९२.१६८.१.१ आणि १९२.१६८.०.१ असे दोन वेगळे सर्व्हर दिसले तर वाटणारे दोघे आहेत, शंका नको. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर त्या उपकरणाला कुणाकडूनच पत्ता मिळाला नाही आणि त्याने स्वतःच एक घेतला, असा अर्थ.

आता १०८ ची झडती. कॅमेरे गायब असतानाच ती घ्या. डीव्हीआरची वायर काढा. लॅपटॉप मोडेमच्या वायफायवर ठेवून कमांड प्रॉम्प्टमध्ये "पिंग", जागा, १९२.१६८.१.१०८ असं द्या. मग उत्तर आलं किंवा नाही आलं तरी "एआरपी", जागा, उणे चिन्ह आणि त्याला चिकटून "ए" असं द्या. पिंगला उत्तर न देणारी उपकरणंही या दुसऱ्या यादीत सापडतात, म्हणून फक्त पिंगवर विसंबू नका. जुनी नोंद यादीत रेंगाळू शकते, तेव्हा डीव्हीआर काढल्यावर पाच मिनिटं थांबून मगच बघा. डीव्हीआर बंद असूनही १०८ समोर बारा अक्षरांचा मॅक पत्ता, म्हणजे उपकरणाचा स्वतःचा ओळख क्रमांक, दिसला तर तो दुसऱ्या कुणाचा आहे. त्या मॅकचं दुसरं अक्षर पाहा. ते २, ६, ए किंवा ई असेल तर जवळजवळ नक्की एखादा मोबाईल आहे. अँड्रॉइड १० पासून आणि आयफोनमध्ये आयओएस १४ पासून मोबाईल प्रत्येक वायफायसाठी बनावट मॅक वापरतात, आणि त्यात ही खूण असते. विंडोजने कॉन्फ्लिक्ट पकडला असेल तर त्याची नोंदही राहते: इव्हेंट व्ह्यूअरमध्ये "सिस्टिम" खाली ४१९९ क्रमांकाची नोंद शोधा, समोरच्या उपकरणाचा मॅक तिथे आयताच लिहिलेला असतो.

मोडेमच्या पानावरची "जोडलेली उपकरणं" ही यादी या कामाला पुरत नाही. बऱ्याच मोडेममध्ये तिथे त्याने स्वतः पत्ते दिलेलेच दिसतात, डीव्हीआर दिसत नाही.

दुरुस्ती वरच्या राउटरपासून सुरू करा. मोडेमकडून येणारी वायर त्याच्यातून काढा. लॅपटॉपचं वायफाय बंद करून राउटरच्या पिवळ्या खाचेला लॅपटॉप वायरने जोडा आणि ब्राउझरमध्ये १९२.१६८.०.१ उघडा, किंवा राउटरच्या खालच्या स्टिकरवर जो पत्ता असेल तो. "ऑपरेशन मोड" मध्ये "ॲक्सेस पॉइंट" असा पर्याय असेल तर तो निवडा, बाकी तो स्वतः करतो. नसेल तर क्रम पाळा: आधी "लॅन" मध्ये जाऊन त्याचा आयपी १९२.१६८.१.२ करा, सेव्ह करा, तो परत चालू होईल. मग १९२.१६८.१.२ वर पुन्हा लॉगिन करा आणि डीएचसीपी "डिसेबल" करा. उलट क्रमाने केलंत तर डीएचसीपी गेल्याबरोबर लॅपटॉपलाच पत्ता मिळणार नाही आणि राउटरचं पान उघडेनासं होईल. वायफायचं नाव आणि पासवर्ड मोडेमचाच ठेवा, म्हणजे जिना चढताना मोबाईल स्वतः बदल करेल. २.४ गिगाहर्ट्झचं चॅनल मात्र वेगळं ठेवा, मोडेमला १ असेल तर इथे ६ किंवा ११. हे झाल्यावरच मोडेमची वायर परत पिवळ्या खाचेत लावा. एकच वायर. वेग वाढेल म्हणून मोडेम ते राउटर दोन वायरी लावल्या तर माहिती गोल फिरत राहते आणि सगळं नेटवर्क बसतं.

घरच्यांना एक ताकीद द्या: नेट अडलं तरी या राउटरच्या मागच्या बारीक भोकात टाचणी खुपसायची नाही. रिसेट झाला की तो १९२.१६८.०.१ वर परत जातो, डीएचसीपी पुन्हा चालू होते आणि पहिला दिवस उजाडतो.

आता मोडेम. १९२.१६८.१.१ उघडा, नाव-पासवर्ड त्याच्या स्टिकरवर असतं. "लॅन" किंवा "डीएचसीपी सर्व्हर" मध्ये सुरुवातीचा पत्ता १९२.१६८.१.१५० आणि शेवटचा १९२.१६८.१.२४९ करा. शंभर पत्ते घराला भरपूर झाले. आम्ही मुद्दाम १५० पासून सुरू करायला सांगतोय, म्हणजे डीव्हीआरला हात न लावता १०८ यादीबाहेर पडतो. डीव्हीआरचा पासवर्ड बहुधा कॅमेरेवाल्याकडेच असतो आणि एका आकड्यासाठी त्याची वाट बघण्यात अर्थ नाही. मुदत २४ तास ठेवा. काही मोडेम ती मिनिटांत मागतात, तिथे १४४०. काही सेकंदांत, तिथे ८६४००. कंपनीने हे पान कुलूपबंद केलेलं असेल तर ग्राहक सेवेला "नेट चालत नाही" असं सांगू नका, माणूस येऊन मोडेम बदलून जाईल. नेमकं सांगा: "डीएचसीपी रेंज १५० ते २४९ करून द्या." बऱ्याच कंपन्या ते लांबूनच करून देतात.

प्रिंटरला हाताने पत्ता भरण्यापेक्षा मोडेममध्ये आरक्षण करणं चांगलं. डीएचसीपीच्याच पानावर "ॲड्रेस रिझर्व्हेशन" किंवा "स्टॅटिक डीएचसीपी" असतं. तिथे प्रिंटरचा मॅक आणि १९२.१६८.१.१६० भरा. काही मोडेम यादीबाहेरचा पत्ता राखू देत नाहीत, म्हणून १६० हा यादीतलाच घेतला; राखीव असल्याने तो दुसऱ्याला जात नाही. मॅक प्रिंटरच्या नेटवर्क माहितीच्या छापील पानावर मिळतो. प्रिंटर स्वतः "ऑटो" वरच ठेवा. हाताने भरलेला पत्ता धोक्याचा अशासाठी की उद्या कंपनी बदलली आणि नवा मोडेम वेगळ्या पत्त्याचा निघाला, जिओचा असेल तर बहुधा १९२.१६८.२९.१, तर प्रिंटर जुन्याच पत्त्यावर अडकतो. मोडेममध्ये आरक्षणाची सोयच नसेल तर नाइलाजाने प्रिंटरमध्ये १९२.१६८.१.२० भरा, सबनेट २५५.२५५.२५५.०, गेटवे १९२.१६८.१.१.

यानंतर लॅपटॉपची जुनी आठवण पुसा. "प्रिंटर प्रॉपर्टीज" मध्ये "पोर्ट्स" वर जा, टिक असलेली ओळ निवडून "कॉन्फिगर पोर्ट" मध्ये नवा पत्ता भरा. तिथे पत्ता न दिसता "डब्ल्यूएसडी" असं काही दिसलं तर "ॲड पोर्ट" मधून "स्टँडर्ड टीसीपी-आयपी पोर्ट" जोडून त्यात नवा पत्ता द्या. ही पायरी बहुतेक जण विसरतात आणि सगळं नीट झालेलं असूनही प्रिंटरला नावं ठेवतात.

आता एकदा, हे शेवटचंच, सगळं बंद करा. जुने पत्ते उपकरणांनी धरून ठेवलेले असतात, ते सुटले पाहिजेत. पहिल्यांदा मोडेम चालू करा, "पॉन" चा हिरवा दिवा स्थिर होईपर्यंत तीन-चार मिनिटं द्या. मग वरचा राउटर, मग डीव्हीआर, प्रिंटर, आणि शेवटी मोबाईल, लॅपटॉप, टीव्ही. वही काढून पत्ते परत उतरवा. राउटर २ (तो हाताने दिला असेल तर), डीव्हीआर १०८, प्रिंटर १६०, बाकी सगळे १५० ते २४९ मध्ये, आणि प्रत्येकाचा गेटवे १९२.१६८.१.१. एखादा मोबाईल या हद्दीबाहेर दिसला तर त्याच्या वायफाय सेटिंगमध्ये "आयपी सेटिंग्ज" हे "स्टॅटिक" झालेलं असणार. गेम जोरात चालावा म्हणून मुलं डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सोय) बदलतात तेव्हा असं होतं. ते "डीएचसीपी" वर आणा. डीएनएस बदलायचाच असेल तर अँड्रॉइड ९ पासून "प्रायव्हेट डीएनएस" ची वेगळी सोय आहे.

मग मुद्दाम परीक्षा घ्या. डीव्हीआर बंद करा, दोन-तीन मोबाईलचं वायफाय बंद-चालू करा, डीव्हीआर परत लावा. कॅमेरे पाच मिनिटांत दिसले आणि तसेच राहिले तर काम झालं.

इन्व्हर्टरचं सांगायचं तर मोडेम, वरचा राउटर आणि डीव्हीआर तिन्ही एकाच इन्व्हर्टर लाईनवर घ्या. इन्व्हर्टरवर "यूपीएस मोड" चं बटण असेल तर ते चालू ठेवा. नाहीतर बदलीच्या त्या क्षणातही मोडेम बंद-चालू होतो. इन्व्हर्टर नसेल तर मोडेमसाठी १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस मिळतो. मोडेमच्या ॲडॉप्टरवर १२ व्होल्ट, १ किंवा १.५ अँपिअर असं लिहिलेलं असतं. यूपीएसचा अँपिअरचा आकडा त्याहून कमी नको. त्यावर डीव्हीआर आणि कॅमेरे चढवू नका, त्यांचा भार त्याला झेपत नाही.

एवढं करूनही अख्ख्या घराचं नेट अडकत असेल तर मोडेमच्या "वॅन" किंवा "इंटरनेट स्टेटस" च्या पानावर त्याला बाहेरून मिळालेला पत्ता पाहा. तो १०० किंवा १० ने सुरू होत असेल तर चिंता नाही. १९२.१६८.१ ने सुरू होत असेल, आणि लहान गावातल्या केबलवाल्यांच्या लाईनवर असं होऊ शकतं, तर मोडेमच्या आत आणि बाहेर एकाच मालिकेचे पत्ते झाले आणि कुठला कुठे हे त्याला कळेनासं होतं. तेव्हा मोडेमचा लॅन पत्ता १९२.१६८.५०.१ करा, वाटपाची यादी ५०.१५० ते ५०.२४९, वरचा राउटर ५०.२, प्रिंटरचं आरक्षण ५०.१६०, आणि लॅपटॉपच्या पोर्टमध्येही तोच आकडा. डीव्हीआरला मात्र ५०.१०८ आणि गेटवे ५०.१ हाताने द्यावा लागेल. त्या एका कामासाठी कॅमेरेवाल्याला बोलवा, आणि तो आलाच आहे तर डीव्हीआरचा पासवर्ड त्याच्याकडून मागून वहीत उतरवून घ्या.